डीझेल ट्रकचे शीत प्रारंभण

अतिशय थंड हवेत बराच काळ उभ्या असलेल्या ट्रकचे डीझेल एंजिन सुरू करण्याच्या क्रियेस शीत प्रारंभण म्हणतात. पेट्रोल एंजिनात इंधन व हवा यांचे मिश्रण विजेच्या ठिणगीने पेटविले जाते. डीझेल एंजिनात अशी ठिणगी नसते. सिलिंडरातील हवा दट्ट्याने इतकी दाबली जाते की, त्या दाबानेच ती तापते आणि तीत फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. रूडोल्फ डीझेल (१८५८–१९१३) या जर्मन अभियंत्यांनी आउग्जबुर्ग येथे १८९७ मध्ये यशस्वीपणे चालवून दाखविलेल्या एंजिनापासून हे तत्त्व कायम आहे. एंजिन एकदा तापले म्हणजे उष्णतेची वाण राहत नाही. अडचण असते ती पहिल्या काही फेऱ्यांची. ही तूट भरून काढण्यासाठी अनेक एंजिनांच्या प्रत्येक सिलिंडरात विजेने तापणारी एक लहान कांडी बसविलेली असते. तिला ग्लो प्लग किंवा तापगुडदी म्हणतात. भारतातील कारागीर तिला हीटर प्लग अथवा नुसते हीटर म्हणतात. या गुडद्या सदोष असतील, तर थंडीत ट्रक सुरू करणे हे कष्टाचे आणि प्रसंगी धोक्याचे काम ठरते.

थंडीमुळे नेमकी किती उष्णता कमी पडते, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. हवेचे आकारमान २१ पटींनी कमी करणाऱ्या एंजिनात २०° से. तापमानाची हवा घेतली आणि एंजिन पुरेशा वेगाने फिरत असले, तर संपीडनाच्या अखेरीस तिचे तापमान सु. ५७५° से. पर्यंत चढते. बाहेरची हवा –२०° से. असेल, तर त्याच रीतीने ते सु. ४६०° से. भरते. इतक्या तापमानासही इंधन पेटावयास हरकत नसते. तथापि थंडीत वंगण तेल दाट होते, बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते आणि स्टार्टर एंजिनास जेमतेम वळवू शकतो. –१८° से. च्या सुमारास शिसे-अम्ल बॅटरीची एंजिन फिरविण्याची शक्ती निम्म्याहून कमी होते, तर त्याच एंजिनाला वळविण्यास लागणारा जोर मात्र दुपटीच्या आसपास जातो. दट्ट्या सावकाश वर चढला म्हणजे दाबलेल्या हवेतील उष्णता सिलिंडराच्या गार भिंतींत शोषली जाण्यास भरपूर अवधी मिळतो आणि कड्यांच्या फटींतून थोडी हवाही निसटते. अशा स्थितीत वरील उदाहरणातील तापमान २७०° से. च्या आसपासच अडकू शकते. म्हणजे थेट थंडीने जेवढे नुकसान होते, त्याहून अधिक नुकसान मंद गतीने होते. ही गोष्ट वाहनचालकांच्या ध्यानात सहसा येत नाही; ते सर्व दोष गुडद्यांवर टाकून मोकळे होतात.

एंजिनाच्या रचनेनुसार गुडदीची निकड कमीजास्त असते. इंधन थेट दट्ट्यावरील पोकळीत फवारणारी एंजिने सामान्यतः गोठणबिंदूपर्यंत मदतीवाचून सुरू होतात. ज्यांत इंधन प्रथम शीर्षातील एका लहानशा कोठीत फवारले जाते, अशा एंजिनांत कोठीच्या भिंती व तिचे अरुंद तोंड पुष्कळ उष्णता खातात. ती साध्या गार सकाळीही अडून बसतात. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत खपलेल्या हलक्या ट्रकांतील आठ सिलिंडरांची डीझेल एंजिने या दुसऱ्या प्रकारची होती व प्रत्येकात आठ तापगुडद्या असत. भारतात अँबॅसडर मोटारगाडीच्या डीझेल नमुन्यात अशीच कोठी होती. महाराष्ट्रातील सौम्य थंडीत एखादी गुडदी निकामी झाली, तरी सकाळी गाडी थोडी थरथरते, एवढ्यावरच भागते. १९८९ पासून डॉज ट्रकमध्ये बसविण्यात आलेल्या कमिन्स एंजिनात गुडद्याच नव्हत्या. तेथे आत जाणारी हवाच विजेच्या जाळीने तापविली जाई.

तापगुडदी म्हणजे टोकाशी बंद असलेली, उष्णतारोधी मिश्रधातूची बारीक नळी होय. तिच्यात तापणारे वेटोळे असून भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडाची भुकटी ठासून भरलेली असते. ही भुकटी विजेला अडविते, पण उष्णता बाहेर जाऊ देते. काही सेकंदांत टोक ८५०° से. च्या वर जाऊन लालबुंद होते आणि फवाऱ्याचा जो भाग त्याच्याजवळून जातो तो पेट घेतो. सर्व सिलिंडरातील हवा तापविणे हे गुडदीचे काम नव्हे; एका ठिकाणी आग लागली की पुरे. जुन्या पद्धतीच्या, उघड्या तारेच्या गुडद्या एकसरीत जोडलेल्या असत व एकीची तार तुटली की सर्वच बंद पडत. पुढे त्या समांतर जोडल्या जाऊ लागल्या. त्यामुळे एक-दोन गुडद्या जळाल्या तरी एंजिन सुरू होते, परंतु दोष महिनोन् महिने लपून राहतो व पहिल्या कडाक्याच्या थंडीत एकदम उघड होतो.

निष्कासन नळीतून येणारा धूर हा निदानाचा सर्वांत भरवशाचा साक्षीदार आहे. स्टार्टर फिरत असता पांढरा धूर येत असेल, तर इंधन सिलिंडरात पोहोचत आहे, पण उष्णता अपुरी आहे असे समजावे. हा धूर म्हणजे न जळलेल्या इंधनाची वाफ होय. धूर मुळीच नसेल, तर गुडद्या तपासण्यात वेळ घालविणे व्यर्थ ठरते. अशा वेळी इंधनच अडलेले असते. डीझेलातील मेणासारखे घटक थंडीत स्फटिकरूप होऊन गाळणी बंद करतात. लडाखसारख्या प्रदेशात ही अडचण फार जुनी आहे. तेथील अनेक जड ट्रकांना गुडद्या नसल्या, तरी टाकीतील इंधन थिजल्याने त्या रस्त्यात उभ्या राहत. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये –३३° से. पर्यंत प्रवाही राहणारे खास हिवाळी डीझेल तेथे उपलब्ध करून दिले.

गुडद्यांची परीक्षा सोपी असते. तिची तार काढून बॅटरीचे धन अग्र व गुडदीचे टोक यांमध्ये चाचणीचा दिवा जोडावा. दिवा लागला नाही, तर आतील वेटोळे तुटले आहे हे निश्चित. चांगल्या गुडदीचा रोध बहुधा १ ओहमच्या आसपास असतो. सर्वच गुडद्या एकाच वेळी निकामी वाटल्या, तर त्यांना वीज पुरविणाऱ्या रिलेकडे आधी पाहावे. चालकासमोरील दर्शक दिव्यावर विसंबणे योग्य नाही. पुष्कळ जुन्या गाड्यांत तो केवळ ठरलेला वेळ मोजतो, गुडद्या खरोखर तापल्या की नाहीत हे सांगत नाही.

गुडद्या बदलणे तत्काळ शक्य नसेल, तर उष्णता व गती ही दोन्ही दुसऱ्या मार्गाने पुरवावी लागतात. शीतक द्रव तापविणारा विजेचा तापक हा त्यातील उत्तम उपाय होय. नॉर्थ डकोटा राज्यातील ग्रँड फॉर्क्स येथील अँड्रू फ्रीमन यांना एंजिनाच्या बोल्टातून उष्णता देणाऱ्या तापकाचे एकस्व १९४९ मध्ये मिळाले. कॅनडा व अलास्का येथे वाहनतळांवर विजेचे खांब असतात, ते अशा तापकांसाठीच. ट्रकच्या एंजिनाला सु. १,००० वॉटचा तापक दोन ते चार तास पुरतो आणि मग गुडद्यांवाचूनही एंजिन बहुधा सुरू होते. वीज नसेल तेथे बॅटरी रात्री घरात उबेला ठेवणे, एंजिनात पातळ वंगण वापरणे आणि दुसऱ्या वाहनाच्या बॅटरीचा आधार घेणे हे उपाय गुणकारी आहेत, कारण त्यांमुळे फिरण्याचा वेग वाढतो. स्टार्टर एका वेळी १५–२० सेकंदांहून अधिक फिरवू नये व पुन्हा फिरविण्यापूर्वी दोन मिनिटे थांबावे. अन्यथा तोही जळतो. एंजिनाखाली जाळ करणे ही जुनी रीत अद्याप दिसते. सांडलेले तेल, रबरी नळ्या व तारा यांमुळे तीत ट्रक गमावण्याची भीती असते. बंदिस्त जागेत एंजिन चालू ठेवल्यास साचणारा कार्बन मोनॉक्साइड वायू तर प्राणघातक असतो.

सर्वांत मोठा मोह असतो तो ईथराचा फवारा आदान नळीत मारण्याचा. ईथर सु. १६०°–१८०° से. तापमानालाच पेटतो, म्हणून निपचित पडलेले एंजिनही त्याने दचकून उठते. मात्र तो पेटण्याचा क्षण अंतःक्षेपण पंपाच्या हाती नसतो. दट्ट्या वर येत असतानाच स्फोट झाला, तर कड्या फुटतात, दट्ट्याला तडे जातात, संयोगदांडा वाकतो. यापेक्षा कपटी गोष्ट अशी की, ‘गुडद्या गेल्या आहेत’ असे समजून चालक फवारा मारतो, तेव्हा आठांपैकी दोन-तीन गुडद्या सहसा जिवंत असतात. त्यांच्या लाल टोकांवर ईथर पोहोचताच तो वेळेआधी भडकतो व ज्वाळा आदान नळीतून उलटी बाहेर येऊ शकते. गुडद्यांची वीजजोडणी तोडल्याखेरीज अशा एंजिनात ईथर वापरू नये.

रिले बिघडला असता काही चालक त्याऐवजी साधे दाबबटण बसवितात. ते हाताने अधिक वेळ दाबून धरले, किंवा रिलेच चिकटून बसला, तर स्वतःचे तापमान न आवरणाऱ्या जुन्या नमुन्याच्या गुडद्यांची टोके फुगतात. फुगलेले टोक मूळ भोकातून बाहेर येत नाही. जोर लावल्यास ते मोडून कोठीत पडते आणि चाललेल्या एंजिनात दट्ट्यापर्यंत पोहोचले तर सिलिंडराची हानी करते. म्हणून जुन्या गुडद्या एंजिन कोमट असताना, आट्यांवर भेदक तेल सोडून, पुढेमागे हलवीत सावकाश काढाव्या लागतात. तुकडा आत पडलाच, तर तो अंतःक्षेपकाच्या भोकातून काढण्याचा प्रयत्न करतात आणि तेही साधले नाही तर सिलिंडर-शीर्ष उतरवावे लागते.