डिकीत कोण नाचतंय?

गडड्... गडड्... धप्प!

ताम्हिणी घाटातलं वळण आलं की आमच्या गाडीच्या मागून असा आवाज यायचा. पुढचं वळण उलट्या बाजूला, तर आवाजही उलट्या बाजूला. गडड्... धप्प!

मे महिना संपत आला होता. कोकणातल्या घरून आम्ही पुण्याला परत निघालो होतो. ताई गाडी चालवत होती, शेजारी मी, मागे माझी भाची आणि तिची आजी. निघताना अशी काही घाई झाली की विचारू नका! एक मोठा फणस, दहा-बारा सुटे नारळ, कोकमाच्या आगळाच्या दोन बाटल्या, आंब्यांची पेटी, पापडांचा डबा. जे हाताला लागलं ते डिकीत गेलं आणि झाकण धाडकन बंद.

"मावशी, डिकीत कोण नाचतंय गं?" भाचीनं विचारलं.

रस्ता रुंद झाला तिथं ताईनं गाडी कडेला घेतली. मी डिकीचं झाकण जेमतेम किलकिलं केलं, तोच एक नारळ टुणकन बाहेर आला आणि माझ्या पायाशेजारी आपटला. थोडक्यात वाचले! आत बघते तर फणस पार दुसऱ्या कोपऱ्यात, आगळाची बाटली आडवी आणि पापडाच्या डब्याला चांगला पोचा.

"हे नारळ भारी वांड आहेत," भाची म्हणाली.

दोस्तांनो, नारळाचा यात काही म्हणजे काहीच दोष नव्हता. तो बिचारा आपला जसा चालला होता तसाच चालत राहिला. गाडी वळली, पण ते नारळाला कुणी सांगितलंच नाही!

चालती वस्तू आपण होऊन थांबत नाही, वळत नाही. थांबलेली वस्तू आपण होऊन चालू लागत नाही. वस्तूच्या या स्वभावाला जडत्व म्हणतात. आयझॅक न्यूटन यांनी १६८७ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात गतीचा पहिला नियम म्हणून हीच गोष्ट मांडली. वस्तूची चाल बदलायची तर बाहेरून कुणीतरी तिला ढकललं पाहिजे, ओढलं पाहिजे किंवा अडवलं पाहिजे. आपण याला 'निरोप' म्हणू या. ब्रेक दाबला की टायरला रस्त्याकडून निरोप मिळतो, टायरकडून गाडीला मिळतो. पण डिकीतल्या सुट्या नारळापर्यंत तो पोचवणार कोण?

"मग सरळ रस्त्यावर हे नारळ गप्प कसे होते?" भाचीचा पुढचा प्रश्न तयारच होता.

असाच विचार गॅलिलिओ यांनीही केला होता. १६३२ साली आलेल्या पुस्तकात त्यांनी वाचकांना एका जहाजाच्या बंद खोलीत नेलं. जहाज एकाच वेगानं, सरळ, न डुलता चाललं असेल, तर वर टांगलेल्या भांड्यातून ठिबकणारा थेंब बरोबर खालच्या भांड्यातच पडतो. जहाज चाललंय की थांबलंय, हे आत बसून कळतच नाही. आमच्या नारळांचं तेच झालं. सरळ रस्त्यावर गाडी आणि नारळ एकाच वेगानं, एकाच दिशेनं जात होते. भांडण सुरू झालं ते वळणावर.

आता कल्पना करा, तुम्ही घार झालात आणि घाटावर तरंगताय. गाडीचं छप्पर काचेचं आहे. गाडी डावीकडे वळते. वरून तुम्हाला काय दिसेल? नारळ सरळच चाललाय आणि गाडीची उजवी भिंत त्याच्याकडे सरकत येतेय. धप्प! गाडीत बसलेल्याला वाटतं, नारळ उजवीकडे धावला. घारीला दिसतं, नारळ सरळच होता, वळली ती गाडी. आणि वेग दुप्पट केला, तर त्याच वळणावर वस्तूला वळवायला चौपट जोर लागतो. म्हणून घाटात गाडी सावकाश चालवायची.

"पण फणस तर केवढा जड! तो कसा सरकला?" भाचीनं विचारलं.

इथं मोठी माणसंसुद्धा फसतात. 'जड आहे ना, मग हलणार नाही' असं म्हणून मोकळी होतात. खरं काय होतं? जड वस्तू डिकीच्या तळाला जास्त घट्ट दाबते, म्हणून घर्षण वाढतं हे बरोबर. पण जड वस्तूला थांबवायला जोरही तेवढ्याच पटीत जास्त लागतो. दोन सारखे खोके घ्या, एक पुस्तकांनी भरलेला आणि एक रिकामा. ब्रेक लागला की दोघे सरकायला लागतात ते साधारण एकाच वेळी. फरक एवढाच, की पुस्तकांचा खोका आदळला तर नुकसान मोठं.

आणि मोकळी जागा ही तर धावपट्टीच! जोरात ब्रेक लागला आणि नारळाला पुढे दोन फूट जागा मिळाली, तर सीटच्या पाठीवर आदळेपर्यंत त्याचा वेग ताशी आठ-नऊ किलोमीटर होऊ शकतो. जागाच मिळाली नाही, तर वेग येणार कुठून?

म्हणजे डिकी लावायची याचा अर्थ एवढाच, की प्रत्येक वस्तूला निरोप्या मिळवून द्यायचा.

आम्ही सगळं सामान खाली उतरवलं. सगळ्यात आधी आंब्यांची पेटी, कारण ती जड आणि चौकोनी. ती अगदी तळाला, मागच्या सीटच्या पाठीला चिकटून बसवली. आता ब्रेक लागला तर निरोप सीटच्या पाठीकडून थेट पेटीला. पेटीत आंबे कसे भरतात, पाहिलंय ना? मध्ये पेंढा असतो. तो फटी बुजवतो, म्हणजे आंब्याला धावपट्टी मिळत नाही. शिवाय धक्का बसला तर पेंढा दबतो आणि आंबा एकदम न थांबता हळूहळू थांबतो. निरोप तोच, पण मऊ आवाजात सांगितलेला!

मग नारळ. ते एका पोत्यात भरून तोंड सुतळीनं आवळलं आणि पोतं पेटीला टेकवून ठेवलं. एकेकटा नारळ गडगडतो, पण पोत्यात एकमेकांना खेटून बसलेले बारा नारळ गडगडणार कसे? मुंबईचे डबेवाले एका मोठ्या लाकडी खोक्यात डब्याला डबा भिडवून बसवतात, त्यातही हीच युक्ती. शेजारीच शेजाऱ्याला अडवतो.

बाटल्या उभ्या करून पेटी आणि पोतं यांच्या फटीत घट्ट बसवल्या. उरलेल्या जागेत चादर कोंबली. पापडाचा डबा हलका, म्हणून तो वर. पण सीटच्या पाठीपेक्षा उंच काहीही रचलं नाही. उंचावरचं सामान ब्रेक लागल्यावर सरळ माणसांच्या डोक्यावर येतं.

राहिला फणस. ना धड गोल, ना धड चौकोनी. कसाही ठेवला तरी डुगडुगायचा.

"सरका बघू," म्हणत आजी पुढे आल्या. पिशवीतून त्यांनी जुन्या लुगड्याचा धडपा काढला, पीळ दिला, गोल वेटोळं केलं, टोक आत खोचलं. चुंबळ तयार! डोक्यावर घागर घेताना खाली ठेवतात ना, तीच. आजींनी चुंबळ डिकीत ठेवली, तिच्यावर फणस बसवला आणि हातानं हलवून पाहिला. फणस जागचा हलला नाही.

का हलला नाही? सपाट जमिनीवर फणस एका छोट्याशा जागेवर टेकतो, म्हणून कुठल्याही बाजूला लोळू शकतो. चुंबळीत त्याचं बूड खाली रुततं आणि चारही बाजूंनी काठ उभा राहतो. लोळायचं तर आधी काठ चढावा लागतो. वर कापडाचं घर्षण आहेच. शेवटी डिकीच्या तळाशी असलेल्या कड्यांना दोरी अडकवून आम्ही ती फणसावरून ताणून बांधली. तुमच्याही गाडीत अशा कड्या असतील, शोधून पाहा.

डिकी या शब्दाचीही एक गोष्ट आहे. जुन्या घोडागाड्यांना आणि मोटारींना मागच्या बाजूला एक जादा बैठक असायची, तिला इंग्रजीत डिकी म्हणत. सामानासाठी जुन्या मोटारींच्या मागे पेटारा ठेवून तो पट्ट्यांनी करकचून बांधत. पेटारा उघड्यावर होता, पडला तर दिसला असता, म्हणून बांधायचं कुणी विसरत नसे. पुढे गाडीलाच झाकणाची पेटी आली आणि आपण तिलाच डिकी म्हणू लागलो. सामान दिसेनासं झालं आणि ते बांधायची सवयही सुटत गेली.

आता घरी एक प्रयोग करा. बुटांच्या रिकाम्या खोक्यात चेंडू ठेवा. खोक्याला सुतळी बांधून ओढा आणि हातानं पटकन अडवा. चेंडू पुढे धावेल. मग चेंडूखाली रुमालाची छोटी चुंबळ ठेवा आणि पुन्हा ओढा. फरक पाहा.

दुसरी गंमत गाडीत करा. बाटली पाण्यानं जवळजवळ काठोकाठ भरा, एक छोटा बुडबुडा राहू द्या आणि झाकण घट्ट लावा. मागच्या सीटवर बसून ती मांडीवर आडवी, झाकण पुढे करून धरा. गाडी निघाली की बुडबुडा पुढे पळेल, ब्रेक लागला की मागे! सगळं पुढे जातं, मग हा मागे कसा? कारण ब्रेक लागल्यावर जड पाणी पुढे सरकतं आणि हलक्या बुडबुड्याला मागे रेटतं.

एक गोष्ट मात्र खेळ म्हणून सांगत नाही. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगानं जाताना कशावर तरी आदळून थांबली, तर आतली सुटी वस्तू त्याच वेगानं पुढे जाते. तीन मजली घराच्या गच्चीवरून टाकलेली वस्तू जमिनीवर साधारण याच वेगानं आदळते. म्हणून मागच्या काचेखालच्या फळीवर बाटली, छत्री, डबा काही ठेवायचं नाही.

सगळं सामान लावून आम्ही गाडीत बसलो. ताईनं किल्ली फिरवली, तेवढ्यात भाची म्हणाली, "थांब आई! आजी सुटी आहे!"

खरंच की! आजींनी पट्टा लावलाच नव्हता. खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा हा तीन टोकांचा पट्टा नील्स बोलीन या स्वीडिश अभियंत्यानं १९५९ साली बनवला. माणसाला थांबायचा निरोप मिळावा, तोही डोक्याला नाही तर छातीच्या आणि कमरेच्या भक्कम हाडांना, यासाठी. भाचीनं तो आजींच्या खांद्यावरून ओढून घेतला आणि खटकन अडकवला.

पुढचं वळण आलं. आम्ही सगळे कान देऊन बसलो होतो. डिकीतून काहीच आवाज आला नाही.