पद्मिनीला कोणतं ऑइल?

ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी नोंदवली गेली. टॅक्सीची वयोमर्यादा वीस वर्षं, त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर काळ्यापिवळ्या पद्मिन्या रस्त्यावरून गेल्या. हौशी मालकांच्या खासगी पद्मिन्या मात्र आहेत, आणि ते एकत्र जमले की ऑइलवरून वाद ठरलेला.

वादाचं मूळ आहे कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या १०८९ सीसी इंजिनाच्या पोटात. तिथे कॅमशाफ्टचे लोब सपाट तोंडाच्या टॅपेटवर घासत फिरतात. सपाट हे दिसायला. अशा बहुतेक इंजिनांत टॅपेटच्या तोंडाला किंचित फुगवटा आणि लोबला किंचित उतार दिलेला असतो, म्हणजे टॅपेट स्वतःभोवती फिरत राहतो आणि झीज एकाच जागी होत नाही. दोन चांगले टॅपेट तोंडाला तोंड लावून धरले तर डुगडुगतात. झिजलेल्याचं तोंड खोलगट झालेलं असतं.

या घासणीवरचा उतारा म्हणजे झिंक डायअल्किल डायथायोफॉस्फेट. गॅरेजच्या भाषेत नुसतं ‘झिंक’. १९४० च्या दशकात ते ऑइलात आलं ते ऑइल लवकर खराब होऊ नये आणि बेअरिंग गंजू नयेत म्हणून. झीज रोखण्याचा गुण नंतर ध्यानात आला. उष्णता आणि दाब मिळाला की ते विघटित होऊन धातूवर फॉस्फेटचा काचेसारखा थर धरतं. हा थर केसाच्या जाडीच्या शतांशाहूनही पातळ असतो. नाव जस्ताचं झालं, पण खरा कामकरी फॉस्फरस.

हाच फॉस्फरस जळक्या ऑइलाबरोबर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला निकामी करतो. म्हणून २००४ च्या एपीआय एसएम दर्जात त्याची कमाल मर्यादा ०.०८ टक्क्यांवर आणली गेली. अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांच्या जगात हाहाकार उडाला, झिंकच्या बाटल्या खपू लागल्या, आणि ती धास्ती आपल्याकडेही पोचली.

पण ही मर्यादा ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा पातळ ग्रेडना आहे. पद्मिनी, अँबेसेडरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या पडत आलेल्या २०डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-५० ला ती लागूच नाही! अर्थात मर्यादा नाही म्हणजे मात्रा भरपूर असेलच असं नव्हे. किमान अट ०.०६ टक्क्यांचीच आहे. तेव्हा डब्यावरच्या चमकदार अक्षरांपेक्षा कंपनीचं माहितीपत्रक मागवून फॉस्फरसचा आकडा पाहावा. ०.१० ते ०.१२ टक्के असेल तर रोजच्या वापराला पुरेसं आहे. आकडा छापलेला नसेल तर जॅसो एमए शिक्क्याचं ऑइल बघावं. मोटरसायकलींसाठीच्या या दर्जात फॉस्फरस ०.०८ ते ०.१२ टक्क्यांच्या दरम्यानच ठेवावा लागतो.

वरून बाटली ओतण्याचा सोस मात्र महागात पडू शकतो. ऑइल म्हणजे मोजूनमापून जमवलेलं मिश्रण. त्यातली डिटर्जंटं आणि झिंक धातूच्या एकाच पृष्ठभागासाठी झगडत असतात. झिंक वाढवलं म्हणजे संरक्षण त्याच हिशेबात वाढत नाही, आणि अति झालं तर उलट धातूलाच अपाय होतो.

बाटलीला खरा वाव आहे तो नवा कॅमशाफ्ट बसवल्यावर. लोबवर ऑइल मुख्यतः उडून पोचतं, म्हणून पहिली वीसेक मिनिटं इंजिन आयडलवर न ठेवता दोन हजार आरपीएमच्या आसपास चालवतात. लोब आणि टॅपेट एकमेकांना बसतात ते तेवढ्या वेळात, आणि बहुतेक नवे कॅम खराब होतात तेही तेवढ्याच वेळात.