दुभंगलेला ओठ आणि आईचे मन

बाळाच्या ओठावर शस्त्रक्रिया कधी करावयाची, हे विचारण्यास येणाऱ्या कुटुंबात बहुधा एक व्यक्ती मुळीच बोलत नाही. ती बाळाची आई असते. पदराआड बाळाचा चेहरा झाकून ती खाली मान घालून बसते. सारी हकीकत सांगतात आजी किंवा वडील. ‘ग्रहणात हिने भाजी चिरली’ हे वाक्य त्या हकीकतीत हमखास येते.

दुभंगलेला ओठ वा टाळू हे व्यंग जगभरात साधारणपणे ७०० जन्मांमागे एका बाळात आढळते. गर्भाच्या चेहऱ्याचे भाग दोन्ही बाजूंनी वाढत येऊन मध्ये सांधले जातात. ओठ सातव्या आठवड्याच्या सुमारास, टाळू बाराव्या आठवड्यापर्यंत. हा सांधा अपुरा राहिला की फट उरते. आनुवंशिकता, काही औषधे, धूम्रपान अशी कारणे कधी सापडतात; पुष्कळदा एकही सापडत नाही. सहाव्या महिन्यातील ग्रहणापूर्वीच ओठ घडून झालेला असतो. ग्रहण त्याआधीचे असले, तरी त्या दिवशी भाजी चिरणाऱ्या असंख्य गर्भवतींची बाळे निर्व्यंग जन्मतात. हे आम्ही आजींच्या समक्ष, कागदावर चित्र काढून सांगतो. एकट्या आईला सांगून उपयोग नाही. घरी तिचे कोण ऐकणार?

आधी शस्त्रक्रिया, मनाचे नंतर पाहू, असे सुचविणारे हितचिंतक आम्हांस भेटतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण क्रम चुकतो. ओठाच्या शस्त्रक्रियेसाठी बाळाचे वय १० आठवडे, वजन १० पौंड म्हणजे सुमारे साडेचार किलो आणि हिमोग्लोबिन १० ग्रॅम असावे, असा जुना दंडक आहे. टाळू दुभंगलेल्या बाळाला मात्र स्तन नीट ओढता येत नाही. दूध नाकातून येते, बाळ ठसकते. आपले दूधच बाळाला नकोसे आहे, असे आईला वाटू लागते. बाळाला उभे धरून, काढलेले दूध वाटी-चमच्याने वा बोंडल्याने घोटाघोटाने पाजणे, तेही दिवसरात्र, हे खचलेल्या मनाने होणारे काम नव्हे. मग वजन वाढत नाही, शस्त्रक्रियेची तारीख पुढे जाते आणि घरातील बोलणी वाढतात. गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयात डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी केलेल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांत नैराश्य आढळले होते. त्या तर सर्वसाधारण माता होत्या. म्हणून पहिल्याच भेटीत वजनकाट्याइतकेच महत्त्व आम्ही आईची झोप, भूक व रडू यांच्या चौकशीला देतो. शस्त्रक्रिया झालेल्या मुलाची आई शेजारी बसवली, तर निम्मे काम तीच करते.

ओठ शिवला की घर निश्चिंत होते, मूल नव्हे. टाळूची शस्त्रक्रिया दीड वर्षाच्या आत झाली, तरी काही मुलांचे उच्चार नाकातून येत राहतात. शाळेत नक्कल होते. हजेरीला ‘हजर’ न म्हणता नुसता हात वर करणारी मुले आम्ही पाहिली आहेत. अशा मुलांना वाणी-उपचार हवे असतात, आणि ते एका भेटीत संपत नाहीत.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमामुळे अंगणवाडी व शाळेतील तपासणीतून हे व्यंग नोंदले जाते. पण दर खेपेचे एस.टी.चे भाडे आणि आईची बुडालेली मजुरी, एवढ्यावरच पुष्कळ मुलांचे उपचार अर्ध्यावर थांबतात. देणगीदारांनी या विभागासाठी दिलेली रक्कम आम्ही प्रथम त्यासाठी खर्च करतो.