गठाणीला बीजक, मग घरसामानाला का नाही?

व्यापारात एक साधा नियम आहे. माल बाहेर पडला की त्याच्याबरोबर कागद गेलाच पाहिजे. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी किंवा सुरतहून आमच्या संगमनेरला कापड येते, तेव्हा प्रत्येक गठाणीवर मार्का असतो, नंबर असतो, आत किती ताके आहेत त्याचे बीजक असते आणि सोबत बिल्टी असते. एक ताका कमी निघाला तर तो कोठे कमी झाला याचा शोध लागतो. परंतु तेच आम्ही व्यापारी स्वतःचे बिऱ्हाड हलविताना हा नियम साफ विसरतो. आयुष्यभराची चीजवस्तू पोत्यांत कोंबतो, टेंपोत चढवितो आणि अल्लाहवर भरवसा आहे असे म्हणतो. उंट मोकळा सोडून भरवसा ठेवणे याला तवक्कुल म्हणत नाहीत, हे आपण सर्वांनी लहानपणीच ऐकले आहे.

हे आम्ही स्वतःच्या चुकीवरून लिहीत आहोत. काही वर्षांपूर्वी आमच्या थोरल्या मुलाचे बिऱ्हाड पुण्याला हलवायचे होते. संगमनेर ते पुणे म्हणजे सुमारे १४० किलोमीटर, वाटेत चंदनापुरी घाट आणि पुढे खेडचा घाट. घाईघाईत सामान भरले. पुण्याला खोकी उघडली तेव्हा सूनबाईंच्या माहेरून आलेल्या चिनी मातीच्या सेटमधील निम्म्या बशा फुटलेल्या होत्या. त्याचे दुःख फारसे झाले नाही. पण दागिन्यांची एक छोटी पुरचुंडी सापडेना. घरात कुजबुज सुरू झाली आणि संशय गेला तो सामान चढविणाऱ्या हमालावर. आम्ही त्याला दुकानात बोलावून चार माणसांसमोर विचारले. दहा दिवसांनी ती पुरचुंडी तांदळाच्या डब्यात सापडली. सुरक्षित राहावी म्हणून घरातल्याच माणसाने ती तेथे ठेवली होती आणि गडबडीत विसरून गेले होते. आम्ही त्या हमालाची माफी मागितली. तो एवढेच म्हणाला, "शेठ, आता मोजून देत जा." तो आजही आमच्या गठाणी उचलतो, पण दुकानात चहाला बसत नाही.

बशा नव्या घेता येतात. माणसाची गेलेली इज्जत बाजारात मिळत नाही. म्हणून आता घरातील कोणाचेही बिऱ्हाड हलायचे असले की आम्ही ते गठाणीच्याच पद्धतीने बांधतो. ती पद्धत वाचक बांधवांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहोत.

पहिली गोष्ट, काचेची वस्तू बहुधा फुटते ती खोक्यातील रिकाम्या जागेमुळे. गाडी हादरली की वस्तू हलते आणि शेजारच्या वस्तूवर आदळते. खोक्याच्या तळाशी कागदाचे बोळे किंवा जुनी गोधडी घालावी. बशा आडव्या एकीवर एक रचू नयेत. प्रत्येक बशी कागदात गुंडाळून कडेवर उभी ठेवावी. पेल्यांच्या आतही कागद भरावा. जड वस्तू खाली आणि हलक्या वर ठेवाव्यात. खोके बंद केल्यावर हलक्या हाताने हलवून पाहावे. आत आवाज आला तर पुन्हा उघडून भरावे. जड सामानाला लहान खोके घ्यावे, म्हणजे एका माणसाला ते सावकाश खाली ठेवता येते. वर्तमानपत्राची शाई पांढऱ्या भांड्याला व कपड्याला लागते, म्हणून आत कोरा कागद आणि बाहेरून वर्तमानपत्र वापरावे.

आरसा व काचेच्या फ्रेमवर चिकटपट्टीची फुली मारावी, कोपऱ्यांना पुठ्ठा बांधावा आणि गाडीत गादीला टेकवून उभे ठेवावे. टीव्ही आडवा टाकू नये. फ्रिज उभाच न्यावा आणि नव्या घरी पोहोचल्यावर काही तास थांबून मगच चालू करावा. शिलाई मशीनवर ज्यांची रोजी आहे त्यांनी मशीन टेबलावरून सोडवून वेगळे बांधावे, सुई काढून घ्यावी आणि दाबपट्टीखाली कापडाचा तुकडा ठेवावा.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट. येवल्याची पैठणी किंवा लग्नातला जरीचा जोडा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नये. आत ओल धरते आणि जर काळी पडते. धुतलेल्या मलमलीत गुंडाळावी. घडीवर घडी घालण्यापेक्षा जाड पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळणे चांगले, कारण जुनी जर घडीवर तुटते. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नयेत. पावसाळ्यात प्लॅस्टिक लावायचेच तर ते खोक्याच्या बाहेरून लावावे.

दागिने, रोख रक्कम, घराची कागदपत्रे, निकाहनामा आणि मुलांचे दाखले गाडीत देऊच नयेत. ते घरच्या जबाबदार माणसाने हातात न्यावेत. कुरआन शरीफ जुजदानात ठेवून सोबतच न्यावे.

दुसरी आणि महत्त्वाची गोष्ट म्हणजे यादी. प्रत्येक खोक्याला नंबर द्यावा. वहीत त्या नंबरापुढे आत काय आहे, कोणी भरले आणि ते कोणत्या खोलीत जायचे हे लिहावे. खोक्यावर मात्र फक्त नंबर आणि "काच" एवढेच लिहावे. किमती मालाचे नाव लिहू नये. आता तर मोबाइलवर बंद करण्यापूर्वीचा फोटोही काढता येतो. गाडी भरताना एकाने नंबर वाचावा, दुसऱ्याने खूण करावी. उतरविताना तसेच करावे आणि गाडीवाल्याची सही घ्यावी. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकरामध्ये आहे आणि बदगुमानीपासून दूर राहण्याची ताकीद सूरह हुजुरातमध्ये आहे. आमच्या अनुभवाने सांगतो, जो लिहून ठेवतो त्याला बदगुमानीपासून दूर राहणे सोपे जाते.

ट्रान्सपोर्ट कंपनीमार्फत सामान पाठविणाऱ्यांनी कायदाही जाणून घ्यावा. १८६५ च्या जुन्या कायद्याच्या जागी २००७ चा रस्ते मालवाहतूक कायदा आला आणि तो १ मार्च २०११ पासून लागू झाला. त्याप्रमाणे जास्त जोखमीचे भाडे ठरवून दिले नसेल, तर नुकसानीची जबाबदारी ठराविक मर्यादेपर्यंतच राहते. म्हणून किमती सामानाची खरी किंमत आधी लिहून द्यावी. नुकसान झाल्यास माल बुक केल्यापासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. तोंडी तक्रारीला अर्थ नाही. त्या वेळीही हाती लागते ती आपली यादीच.

या सर्वाला खर्च किती? एक वही, एक पेन, थोडी सुतळी आणि एक दिवसाची सवड. हमालाला त्याची मजुरी ठरलेल्याप्रमाणे, त्याचा घाम वाळण्यापूर्वी द्यावी आणि सामान मोजून द्यावे. आपले सामान त्याच्या हाती अमानत असते, तशी त्याची इज्जतही आपल्या हाती अमानत असते. अल्लाह आपणा सर्वांना दोन्ही अमानती सांभाळण्याची तौफीक देवो. आमीन.