मॉर्डोरपर्यंत पायी

टॉल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीत फ्रोडो हा हॉबिट एक अंगठी नष्ट करायला मॉर्डोरमधल्या माउंट डूमपर्यंत जातो. हॉबिटनमधल्या बॅग एंड या त्याच्या घरापासून तिथपर्यंतचं अंतर १७७९ मैल, म्हणजे जवळपास २८६३ किलोमीटर. कॅरेन विन फॉन्स्टॅड या अमेरिकी नकाशाकर्तीने १९८१ मध्ये टॉल्किनच्या मध्य-पृथ्वी या काल्पनिक जगाचा अ‍ॅटलास काढला आणि फ्रोडोची वाट टप्प्याटप्प्याने मोजून दिली. त्या हिशेबावर अनेक देशांतले वाचक आपापल्या रस्त्यांवर चालत ही वाट पुरी करतात. रोजचं अंतर वहीत मांडायचं. बेरीज ४५८ मैलांवर गेली की रिव्हेंडेल, ९२० वर लोथ्लोरिएन. रोज पाच किलोमीटर धरले तर दीड वर्षाहून थोडं जास्त लागतं. मी चालते साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या चढावर. वहीत मात्र लोथ्लोरिएनच्या आधी लागणाऱ्या मोरियाच्या अलीकडे आहे.

नुसतं तब्येतीसाठी चालणं मला कधी पुरलं नाही. वाट कुठेतरी जायला हवी. आमच्या जिल्ह्यातून लोणंद-फलटणमार्गे माउलींची पालखी जाते, तेव्हा प्रत्येक पावलाचं कारण पंढरपुरात असतं. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ने मला रोजच्या चालण्याला असं एक ठिकाण दिलं.

आणि या पुस्तकात पानंच्या पानं चालणंच आहे. शिधा संपत येतो, पाय बोलू लागतात. कॅराध्रास या डोंगरावर फ्रोडो आणि त्याच्या सोबत्यांना बर्फाचं वादळ गाठतं. त्यांच्यातल्या बोरोमिरने निघताना प्रत्येकाला लाकडं बरोबर घ्यायला लावली होती, म्हणून ती रात्र निभावते. सकाळी सगळे मागे फिरतात आणि दुसरी वाट धरतात. पावसाने किंवा तापाने माझं चालणं खंडलं की मी हेच प्रकरण काढते.

सगळ्यात जास्त बळ मात्र सॅम देतो. हा फ्रोडोकडे बागकाम करणारा. पाठीवर स्वयंपाकाची भांडी. रिव्हेंडेल सोडताना दोर घ्यायचा राहिला, ही रुखरुख त्याला पुढे कितीतरी दिवस पुरते. इथिलियनमध्ये फ्रोडो झोपलेला असताना तो सुवासिक पाला घालून सशांचा रस्सा रांधतो. पुढे मॉर्डोरमध्ये ओझं हलकं करायची वेळ येते आणि इतक्या लांब वागवलेली ती भांडी सॅम एका भेगेत टाकून देतो. ती खाली खणखणत जातात, तो आवाज त्याच्या काळजाला लागतो. शेवटी फ्रोडोला चालवत नाही, तेव्हा सॅम त्यालाच पाठीवर घेतो. अंगठीचं वजनही आपल्याला पेलावं लागेल अशी त्याला धास्ती असते, पण धनी हलका लागतो. चढावर दम लागला की मला हा सॅम आठवतो.

टॉल्किन स्वतः १९११ मध्ये स्वित्झर्लंडच्या डोंगरांत पाठीवर बोचकं घेऊन चालले होते. १९१६ मध्ये ते पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत होते. त्या युद्धात भेटलेल्या साध्या शिपायांची छाप सॅमवर आहे, असं त्यांनीच सांगितलं आहे.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी रिव्हेंडेलपर्यंतचे ७३७ किलोमीटरच आधी डोळ्यांसमोर ठेवावेत. पुस्तकही चालण्याच्या बरोबरीने वाचावं. पाय पोहोचल्याशिवाय पुढचं प्रकरण उघडू नये. मला हे बंधन फार मानवलं. पुढे काय होतं या ओढीनेच सकाळी बूट चढतात. आणि थांबण्याची भीती नको. फ्रोडो २० ऑक्टोबरला रिव्हेंडेलला पोहोचतो आणि २५ डिसेंबरला निघतो. गुडघा कुरकुरला की मीही वहीत तारीख टाकून शेजारी ‘रिव्हेंडेल’ लिहिते आणि दोन दिवस घरी बसते.