झिरो-झिरो-टू!

संध्याकाळी सहाच्या सुमाराला बॉईज हॉस्टेलच्या मागून ही आरोळी येते. नवीन माणसाला वाटतं, कुणीतरी रोल नंबर पुकारतंय. मेसच्या काकांनी तर एकदा विचारलंच, "अरे, खेळ सुरू व्हायच्या आधीच दोन पॉइंट कुणाला देऊन टाकता तुम्ही?" प्रश्न रास्त आहे. पिकलबॉल खेळायला दहा मिनिटांत जमतो, पण त्याचा स्कोअर समजायला आम्हाला अख्खं सेमिस्टर लागलं. शिवाय स्टाफबरोबरची मॅच आम्ही नक्की कशी हरलो, यावर हॉस्टेलमध्ये अजून उलटसुलट चर्चा चालू आहे. दोन्हींचा खुलासा इथेच करून टाकतो.

आधी खेळाविषयी थोडंसं. १९६५ साली अमेरिकेत, सिअॅटलजवळच्या बेनब्रिज बेटावर, जोएल प्रिचर्ड आणि बिल बेल यांनी सुट्टीत कंटाळलेल्या घरच्या मंडळींसाठी जुन्या बॅडमिंटन कोर्टावर हा खेळ जमवला. बॅडमिंटनचं सामान सापडेना, म्हणून टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोकाभोकांचा प्लास्टिकचा चेंडू घेतला. पुढे बार्नी मॅकॅलम यांनी प्लायवूड कापून बॅटी केल्या. (आमच्याही पहिल्या चार बॅटी कारपेंट्री शॉपमधल्या उरलेल्या प्लायच्याच आहेत. वर्कशॉपच्या सरांना हे माहीत आहे, प्राचार्यांना आता कळलं!) भारतात हा खेळ आणला तो मुंबईच्या सुनील वालावलकर यांनी, आणि २००८ मध्ये त्याची अखिल भारतीय संघटना उभी राहिली.

कोर्टाचं माप बॅडमिंटन डबल्सचंच, ४४ बाय २० फूट. त्यामुळे आमचं काम सोपं झालं. नेट मध्यभागी ३४ इंचांवर उतरवलं आणि नेटपासून ७ फुटांवर दोन्हीकडे खडूने रेघ मारली. जून उजाडला की पनवेलचा पाऊस ती रेघ आणि आम्ही, दोघांनाही कोर्टावरून हाकलतो, तो भाग वेगळा. या ७ फुटांच्या पट्ट्याला 'किचन' म्हणतात, आणि त्यात उभं राहून चेंडू हवेतल्या हवेत मारता येत नाही.

आता मुद्द्याचं. पॉइंट फक्त सर्व्हिस करणाऱ्यांनाच मिळतो. समोरच्यांनी रॅली जिंकली तर त्यांना पॉइंट नाही, फक्त आपल्या हातची सर्व्हिस जाते. बॅडमिंटन खेळून आलेला प्रत्येक जण पहिली ठेच इथेच खातो. गल्ली क्रिकेट आठवा. बॉलिंगवाल्याने विकेट काढली म्हणून त्याच्या नावावर रन लागत नाहीत, त्याची बॅटिंग जवळ येते एवढंच. डबल्समध्ये प्रत्येक जोडीला एका डावात अशा दोन विकेट. पहिल्याने रॅली हरली की पार्टनर सर्व्हिस करतो. त्यानेही हरली की 'साइड आउट', म्हणजे डाव समोरच्यांचा. गेम ११ पॉइंटला, पण दोनचा फरक हवा. (काही लीगमध्ये प्रत्येक रॅलीला पॉइंट देतात. आम्ही जुन्या वळणाचे.) सिंगल्सला विकेट एकच, म्हणून तिथे आकडे दोनच म्हणायचे.

डबल्सला आकडे तीन. आधी आपले पॉइंट, मग समोरच्यांचे, शेवटी मी कितवा सर्व्हर ते. 'पाच-सात-एक' म्हणजे आमचे पाच, तुमचे सात, आणि मी आउट झालो तरी पार्टनर बाकी आहे. हा एक-दोन नंबर कुणाला कायमचा चिकटत नाही. दर वेळी डाव हातात आला की त्या क्षणी जो उजवीकडे असेल तो एक नंबर.

आणि उजवीकडे कोण, हे स्कोअरच ठरवतो. पॉइंट मिळाला की सर्व्हिस करणारी जोडी आपसात जागा बदलते आणि तोच गडी दुसऱ्या बाजूने सर्व्हिस करतो. समोरचे जागचे हलत नाहीत. यातून एक मजा होते. गेमच्या सुरुवातीला आपल्यातला जो उजवीकडे होता, तो आपला स्कोअर सम असेल तेव्हा कायम उजवीकडे सापडतो, विषम असेल तेव्हा डावीकडे. कंप्युटर आणि ईएक्सटीसीवाल्यांनी ओळखलंच असेल, ही चक्क पॅरिटी बिट आहे! तोंडाने काहीही ओरडा, सम की विषम ते पायांवरून कळतं. एका पॉइंटची चूक लगेच पकडली जाते. दोनची झाली तर पॅरिटी गप्प बसते, जशी ती पुस्तकातही बसते.

तिसरा आकडा मात्र पायांवरून काढता येत नाही. समजा आमचे नऊ आहेत आणि सुरुवातीला उजवीकडे असलेला माझा पार्टनर आता डावीकडून सर्व्हिस करतोय. आमचा डाव आठवर सुरू झाला असेल, तर त्याने एक पॉइंट कमावलाय आणि तो अजून पहिलाच सर्व्हर आहे. डाव नऊवरच सुरू झाला असेल, तर उजवीकडचा मी आधीच आउट झालोय आणि तो दुसरा आहे. उभं राहणं दोन्ही वेळा अगदी तेच! म्हणून सर्व्हिसच्या आधी तिन्ही आकडे मोठ्याने म्हणायचे. ही माहिती कोर्टावर दुसरीकडे कुठेच साठवलेली नसते.

आता काकांचा प्रश्न. गेमच्या पहिल्या डावात, सुरुवात करणाऱ्या जोडीला एकच विकेट मिळते. म्हणजे पहिला सर्व्हर थेट 'दोन नंबर' धरायचा, म्हणून झिरो-झिरो-टू. असं का? गणित करून बघा. दोन्ही जोड्या तोडीस तोड असतील आणि प्रत्येक रॅलीचा चान्स निम्मा-निम्मा असेल, तर एक सर्व्हर आउट व्हायच्या आधी सरासरी एक पॉइंट काढतो, आणि दोन सर्व्हरचा पूर्ण डाव दोन पॉइंटचा होतो. पहिल्या डावाला पूर्ण दोन विकेट दिल्या तर सुरुवात करणारे दोनने पुढे, मग बरोबरी, पुन्हा दोनने पुढे... दुसरी जोडी कधी पुढे जातच नाही. एकच विकेट दिली की पहिले एकने पुढे, मग दुसरे एकने पुढे, मग पुन्हा पहिले. झाला ना न्याय! प्रत्यक्षात सर्व्हिस करणाऱ्यांचा चान्स निम्म्याहून थोडा कमीच असतो, कारण त्यांना परतलेल्या चेंडूचा टप्पा पडेपर्यंत मागे थांबावं लागतं आणि समोरचे तोवर किचनच्या रेघेवर येऊन ठाकतात. पण चान्स कितीही धरा, हा तोल तसाच राहतो.

हे सगळं यूट्यूबवर बघून आम्ही भाव खात होतो, तेव्हा वर्कशॉपचे सर नुसते हसले. म्हणाले, "अरे, हे तर आमचं जुनं बॅडमिंटन!" आणि खरंच आहे ते. २००६ मध्ये २१ पॉइंटची रॅली पद्धत आली. त्याआधी बॅडमिंटनमध्येही पॉइंट सर्व्हिसवाल्यालाच मिळायचा, डबल्सला दोन सर्व्हर असायचे, आणि गेम सुरू करणाऱ्या जोडीला पहिल्या डावात एकच सर्व्हर. त्या नियमांत शब्दही 'इनिंग' असाच होता. सांगलीच्या नंदू नाटेकरांपासून गोपीचंदपर्यंत सगळे याच हिशेबात वाढले. गोपीचंदने २००१ ची ऑल इंग्लंड फायनल १५-१२, १५-६ अशी जिंकली, ती या पद्धतीने. बॅडमिंटनचे सुरुवातीचे नियम १८७० च्या दशकात पुण्याच्या छावणीत लिहिले गेले असं सांगतात, म्हणजे ही हिशेबाची तऱ्हा आपल्याला अगदीच परकी नाही.

आता ती मॅच. एका बाजूला सर आणि मॅथ्सच्या मॅडम, दुसरीकडे मी आणि माझा मेकॅनिकलचा पार्टनर. हरेल त्याने मिसळ द्यायची. अंपायर कुणी नाही. नऊ-नऊ असताना स्टाफची सर्व्हिस होती, आणि आम्ही एक जबरदस्त रॅली जिंकून साइड आउट मिळवला. प्रेक्षकांत एवढा जल्लोष झाला, की आम्हीही त्या भरात पॉइंट धरून टाकला. "दहा-नऊ-एक," म्हणत मी सर्व्हिस केली, ती नेटमध्ये. मग पार्टनर ओरडला, "दहा-नऊ-दोन!"

सरांनी हात वर केला. "सुरुवात कोणी केली होती रे तुमच्यात?"

"मी, सर," पार्टनर म्हणाला.

"मग दहा झालेत तर तू डावीकडे काय करतोयस?"

पार्टनरने खाली पायांकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं. प्रेक्षकांतून कुणीतरी "सर, चीटिंग!" असं ओरडलं, पण आम्हा दोघांनाही कळून चुकलं होतं. 'नऊ-नऊ-दोन' म्हणून त्याने सर्व्हिस केली, मॅडमनी ती किचनच्या रेघेवरून आमच्या दोघांच्या मधून मारली, आणि पुढचे दोन्ही पॉइंट सरांच्या सर्व्हिसवर गेले. अकरा-नऊ.

मिसळीचं बिल आम्ही भरलं. सरांनी दोन पाव जास्त मागवले. परतीची मॅच ओरल्स संपल्यावरच्या शनिवारी आहे. काका, मेस आटपून या, तिसरा आकडा लक्षात ठेवायला एक माणूस हवाच आहे.