उभे विमान आणि तांबडा दिवा

विमान धावपट्टीवर उतरते, सावकाश वळत आपल्या ठरलेल्या जागी येऊन उभे राहते आणि आतील प्रवासी निःश्वास टाकून सामान आवरू लागतात. त्यांच्या दृष्टीने प्रवासातील जोखीम संपलेली असते. परंतु विमानाखाली राबणाऱ्या माणसांची जोखीम नेमकी त्याच क्षणी सुरू होते. सामान उतरविणारे, शिडी लावणारे, इंधन भरणारे, तपासणी करणारे, या साऱ्यांना अल्पावधीत ते विमान पुन्हा उड्डाणासाठी सज्ज करून द्यावयाचे असते. आणि उभे राहिलेले विमान म्हणजे बंद झालेले विमान नव्हे!

जेट इंजिनाचा पुढील पंखा हवा आत खेचतो आणि मागून ती वेगाने बाहेर फेकली जाते. विमान जागचे हलत नसले तरी इंजिन मंद गतीने चालू असेल, तर ही क्रिया चालूच असते. मागचा झोत निदान अंगाला जाणवतो. पुढची ओढ मात्र फसवी असते. काही पावलांवर उभ्या असलेल्या माणसाला ती फारशी कळत नाही. आणखी दोन पावले पुढे पडली की तीच ओढ अनावर होते. आवाजावरून सावध व्हावे, तर कानांवर संरक्षक आवरणे असतात आणि शेजारची विमानेही गर्जत असतात. कोणते इंजिन चालू आहे, हे कानाने ठरविता येत नाही.

म्हणून डोळ्यांसाठी एक खूण ठेवलेली आहे. विमानाच्या पाठीवर व पोटाखाली लुकलुकणारा तांबडा दिवा असतो. इंजिन सुरू करण्यापूर्वी तो लावायचा आणि इंजिने बंद झाल्यावरच मालवायचा, असा दंडक आहे. तो लुकलुकत असेतो जवळ जायचे नाही. दिवा मालवल्यावरही पंखा काही काळ फिरत राहतो. त्याची पाती वेगवेगळी दिसू लागेपर्यंत थांबावयाचे असते.

हा नियम किती मोलाचा आहे, हे ३१ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यात, माँटगोमेरी येथील विमानतळावर दिसून आले. तेथे आलेल्या विमानाच्या शेपटातील लहान साहाय्यक इंजिन नादुरुस्त होते. त्यामुळे बाहेरून वीज जोडली जाईपर्यंत मुख्य इंजिन चालू ठेवणे भाग होते. ही गोष्ट कर्मचाऱ्यांना विमान येण्यापूर्वी एकदा नव्हे, दोनदा सांगण्यात आली होती. तांबडा दिवा लुकलुकत होता. नियमपुस्तिकेत इंजिनासमोरील १५ फुटांचे क्षेत्र निषिद्ध ठरविलेले होते. एवढे असूनही एक कर्मचारी शेपटाकडून पंखाच्या कडेने पुढे आली आणि इंजिनात ओढली जाऊन मृत्यू पावली.

धोका केवळ आगमनाच्या वेळीच असतो असे नाही. १६ डिसेंबर २०१५ रोजी मुंबईहून हैदराबादला निघण्याच्या बेतात असलेल्या विमानाच्या इंजिनात एक तंत्रज्ञ ओढला गेला व प्राणास मुकला. विमान मागे ढकलून देणारी माणसे सुरक्षित अंतरावर जाऊन उभी राहतात, वैमानिकाला दिसेल असा हात उंचावतात आणि चाकाला लावलेली खीळ काढली असल्यास ती दाखवितात. वैमानिकाने ते पाहून प्रत्युत्तर दिल्यावरच विमान हलावयाचे, ही रीत केवळ शिष्टाचाराची नव्हे. माणसे बाजूला झाली आहेत, याची ती ग्वाही असते.

सूचना ऐकणे निराळे आणि ऐन घाईत ती आठवणे निराळे. रोज शंभरदा केलेले काम हाताला सवयीचे होते, आणि मन मागे राहून पाय पुढे पडतात. यास्तव केवळ कामगाराच्या स्मरणावर विसंबून चालत नाही. जमिनीवर आखलेली रेषा, 'आता जा' असे सांगणारा एकच जबाबदार माणूस आणि तोवर साऱ्यांनी रेषेबाहेर थांबण्याची शिस्त, ही व्यवस्था ठेवणे चालकांचे कर्तव्य ठरते. विमान वेळेवर सोडण्याच्या तगाद्यापुढे ही शिस्त वाकता कामा नये.

दार उघडण्यास विलंब झाला की प्रवासी घड्याळाकडे पाहतो. खाली त्या वेळी कोणी तरी तांबडा दिवा मालवण्याची वाट पाहत उभे असते. तो विलंब वाया गेलेला नसतो.